मार आधी की गाठ आधी

लेकीच्या हाडावर गाठ आहे असं कळलं की समोरचा माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, कुठे पडली होती का? लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकू, रिसेप्शनवरची मुलगी, एक्स-रे काढणारा दादा, फोनवरून आत्या, सगळे. आणि उत्तर हो असंच येतं, कारण सातवीतलं पोर कुठेच पडलं नाही असा महिना कोणाच्या घरात जातो? मग समोरचा मान हलवतो, म्हणजे कारण सापडलं, आणि लगेच पुढचं विचारतो, कशी पडली, कोण होतं सोबत. हा दुसरा प्रश्न फार वाईट आहे. आमच्या घरात त्या दुसऱ्या प्रश्नाने एका माणसाची पंधरा दिवस झोप उडवली होती, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

झालं असं की मागच्या वर्षी जूनमध्ये, पाऊस नीट सुरू व्हायच्या आधी, नवऱ्याने लेकीला सायकल शिकवायचं मनावर घेतलं. आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. सोसायटीत सायकल चालवायला जागाच नाही, दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या, त्यामुळे रविवारी लवकर उठून दोघं उपवन तलावाकडे जायचे, त्या वेळी तिथे चालायला आलेली मंडळी असतात आणि रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो. एका रविवारी त्याने सीटमागचा हात सोडला, ती थोडी पुढे गेली, खूश होऊन मागे वळून बघितलं आणि फुटपाथच्या कडेला धडकून पडली. रडली नाही. गुडघा खरचटला, आणि गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या आतल्या बाजूला हँडल लागलं. मुका मार. घरी येऊन पोहे खाल्ले आणि झोपली.

संध्याकाळी सासूबाई आंबेहळदीचा लेप लावायला बसल्या आणि लावता लावता थांबल्या. "अगं इकडे ये, हे बघ काय लागतंय हाताला." मी हात लावला. टेंगूळ मी बघितलेलं आहे, मऊ असतं, दाबलं की पोरं बोंबलतात. हे तसं नव्हतं. अंगठ्याच्या पेराएवढा उंचवटा, हाडाइतकाच कडक, वरची कातडी त्याच्यावरून सहज सरकत होती पण तो स्वतः जागचा हलत नव्हता. लेक अंगाने बारीक आहे त्यामुळे बोटांना सगळं स्पष्ट कळत होतं. खरचटलेल्या जागी चुकून हात गेला तर ओरडायची, पण हा उंचवटा कितीही दाबला तरी तिला काहीच वाटत नव्हतं. ही गोष्ट मला तेव्हाच विचित्र वाटली होती, आज पडली आहे आणि जिथे गाठ आहे तिथेच दुखत नाही?

सूज उतरली, काळंनिळं झालेलं पिवळं पडून गेलं, खपली पण धरली. उंचवटा तसाच.

आणि मग आमच्या घरात दादाची गोष्ट निघाली. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आमचं गाव मुरबाड तालुक्यात, दादा शाळेत असताना आंब्यावरून पडला होता, डाव्या कोपरावर. त्या काळी गावातून तालुक्याला जायचं म्हणजे दिवस मोडायचा, आणि हाडाचं काही झालं की शेजारच्या गावातल्या मालिशवाल्याकडे जायचं हे ठरलेलंच. आजी त्याला रोज घेऊन जायची. कोपर सुजून लाल झालेलं, आणि तो माणूस गरम तेल लावून दाबून दाबून चोळायचा आणि शेवटी हात धरून सरळ करायला ओढायचा. मी लहान होते, ओट्यावर बसून कानांवर हात ठेवल्याचं मला आठवतं. हात मोकळा होईल असं सगळ्यांना वाटत होतं, पण झालं उलटंच, कोपराच्या पुढच्या बाजूला मांसात काहीतरी घट्ट होत गेलं, आधी नुसतं कठीण लागायचं, मग हाडच लागायला लागलं, आणि हात जो अर्धवट वाकलेला राहिला तो आजपर्यंत. पन्नाशी ओलांडली, अजून डावा हात पूर्ण सरळ होत नाही. बादली उचलतो, गाडी चालवतो, पण हात वर करून नमस्कार करायचा म्हटलं की एक कोपर वाकडंच राहतं.

तर घरातल्या सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले. मामाला मार लागून हाड वाढलं, भाचीलाही मार लागून हाड वाढलं. माझी आई फोनवर म्हणाली, आपल्या रक्तातच आहे ते. सासूबाई म्हणाल्या, म्हणून मी सांगत होते मुलींना कशाला ते सायकलबियकल. त्या मनाने वाईट नाहीत, नातीच्या काळजीनेच बोलत होत्या, पण बोलल्या नवऱ्यासमोर. तो काहीच बोलला नाही. सायकल गॅलरीत नेऊन उभी केली आणि तिच्यावर जुनी चादर टाकली. रात्री कधीतरी मला जाग आली तर हा बसलेला. म्हणाला, अजून एक फेरी धरून ठेवायला हवी होती, मी हात लवकर सोडला.

नौपाड्यात एका हाडांच्या डॉक्टरांकडे दाखवायचं ठरलं. त्यांनी आधी एक्स-रे काढून आणायला सांगितलं, गुडघ्याचा, समोरून आणि बाजूने. एक्स-रे सेंटरवाल्यांचा रिपोर्ट आधी हातात आला आणि त्यात ऑस्टिओकॉन्ड्रोमा हा शब्द आणि खाली कंसात बिनाइन बोन ट्यूमर. बिनाइन म्हणजे साधी गाठ, पसरत नाही, हे मला माहीत होतं. तरी माझी नजर ट्यूमरवरच अडकली. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची होती. मधल्या वेळात रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर गेला (कोणी टाकला ते सोडून द्या) आणि कोणी परळला टाटाला नाव घाला म्हणालं, कोणी म्हणालं खारघरला टाटाचंच ॲक्ट्रेक आहे, ठाण्याहून जवळ पडेल. सगळ्यांचा जीव तुटत होता म्हणूनच बोलत होते. पण ती रात्र मी कोणाला देणार नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे स्क्रीनवर मोठा केला आणि आम्हाला खुर्च्या पुढे घ्यायला सांगितल्या. मला ते बसणं फार महत्त्वाचं वाटतं, अजूनही. त्यांनी पेनाचं टोक स्क्रीनवर ठेवून मांडीच्या हाडाच्या कडेवरून फिरवलं. ही पांढरी रेघ दिसतेय ना, हाडाची बाहेरची भिंत, ती कुठेही न तुटता वळून या उंचवट्यावर चढतेय बघा. आणि आतला पोकळसर भाग, जिथे मज्जा असते, तोही सलग आत गेलाय. म्हणजे हा उंचवटा हाडावर बाहेरून येऊन चिकटलेला नाहीये, हाडातूनच निघालाय, झाडाला फांदी फुटते तसा. आणि टोक बघा कुठे वळलंय, गुडघ्यापासून लांब, वरच्या बाजूला. या गाठी बहुतेक वेळा सांध्यापासून लांब जातात. टोकावर कूर्चेची, म्हणजे कानात असते तशा लवचिक पदार्थाची, टोपी असते, ती एक्स-रेवर नीट दिसत नाही, पण वाढ तिच्यातूनच होते.

मग त्यांनी ग्रोथ प्लेट समजावली. मुलांच्या लांब हाडांच्या टोकाजवळ कूर्चेचा एक थर असतो, हाडाची उंची तिथून वाढते. त्या थराच्या कडेचा एखादा बारीक भाग बाजूला सरकतो आणि मग तो वर वाढायच्या ऐवजी आडवा वाढत राहतो, वर्षानुवर्षं, पोराच्या उंचीबरोबर. म्हणून या गाठी जास्त करून गुडघ्याच्या आसपास आणि खांद्याजवळ सापडतात, जिथे हाडं जोरात वाढत असतात. आणि म्हणूनच वाढायचं वय संपलं, ग्रोथ प्लेट बंद झाली की गाठीची वाढही थांबते. हाडांच्या साध्या गाठींमध्ये ही सगळ्यात जास्त सापडणारी. कित्येकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

नवरा इतका वेळ गप्प होता. त्याने विचारलं, "सर, मी सायकलचा हात सोडला नसता तर?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तर ही गाठ तुम्हाला आज कळली नसती, एवढाच फरक. पडून पंधरा दिवस झालेत, एवढं पक्कं हाड, आत मज्जा, बाहेर सलग भिंत, हे पंधरा दिवसांत तयार होत नाही. याला वर्षं लागतात. ही गाठ घेऊनच ती सायकलवर बसली होती."

नवऱ्याने मान खाली घातली. लेकीने माझा हात धरला होता, ती म्हणाली, म्हणजे बाबांमुळे नाही ना? डॉक्टर म्हणाले, अजिबात नाही बाळा. मी त्या माणसाची आयुष्यभर ऋणी आहे, उपचार असा काही केलाच नाही त्यांनी, पण या एका वाक्यासाठी.

घरी आल्यावर मी पुष्कळ वाचलं. माझं शिक्षण कॉमर्सचं, पण एकदा जीव लागला की माणूस वाचतोच. आणि मला कळलं की आमच्या घरात जे झालं ते जगभर होतं. मार लागला की आपण त्या जागी हात लावतो, चोळतो, लेप लावतो, आरशात बघतो, एक्स-रे काढतो. जी गाठ शांतपणे तिथेच होती ती तेव्हा सापडते, आणि आपण म्हणतो मारामुळे झाली. पोरं रोज शेकड्यांनी पडतात, गाठ सापडते एखाद्यालाच. आधीच्या काळी हा वाद कोर्टापर्यंत जायचा, कारखान्यात मार लागला आणि त्यातून गाठ झाली म्हणून कामगार नुकसानभरपाई मागायचे, आणि खरं काय ते ठरवायचं कसं हा मोठा प्रश्न होता. जेम्स यूइंग म्हणून अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट होते, ज्यांच्या नावाने हाडाचा एक कॅन्सर ओळखला जातो, त्यांनी १९३५ मध्ये याच्यावर लिहिलं आणि अटी घातल्या. मार खरोखर लागलेला पाहिजे आणि पुरेसा जोराचा पाहिजे, ती जागा आधी धडधाकट होती हे माहीत पाहिजे, गाठ नेमकी त्याच जागी पाहिजे, ती मारातून होऊ शकेल अशा प्रकारची पाहिजे, आणि मार आणि गाठ यांच्यामधला काळ पटण्यासारखा पाहिजे. या अटी वाचताना मी एकेक आमच्या लेकीला लावून बघत होते. जागा आधी धड होती का? कोणाला माहीत, आम्ही कधी तिच्या मांडीला हात लावून बघितलंच नव्हतं, कोण बघतं? मधला काळ? सकाळी मार, संध्याकाळी गाठ. तिथेच संपलं.

आता कोणी म्हणेल मार लागून काहीच होत नाही का. होतं. ग्रोथ प्लेटलाच मोठी दुखापत झाली, तिथून हाड मोडलं, तर पुढे क्वचित अशी वाढ दिसते, आणि लहानपणी कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या मुलांमध्येही नंतर ऑस्टिओकॉन्ड्रोमा होतो हे पक्कं माहीत आहे. पण बहुतेक वेळा तो जनुकांतल्या बदलातून होतो. एकच गाठ असेल तर तो बदल फक्त त्या गाठीतल्या पेशींत असतो. काही घरांत मात्र ईएक्सटी १ किंवा ईएक्सटी २ या जनुकातला दोष आईवडिलांकडून मुलांकडे येतो आणि अंगभर बऱ्याच गाठी होतात. त्यासाठी डॉक्टरांनी लेकीचे बाकीचे सांधेही हाताने तपासले, मनगटं, घोटे, खांदे, आणि आमच्या दोघांच्या घरात कोणाला अशा गाठी आहेत का विचारलं.

तेव्हा मी दादाचं सांगितलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, कोपर कसं सुजलं, मालिश किती दिवस, ओढायचे कसे, कठीण कधी लागायला लागलं, आणि म्हणाले हे दोन्ही एक नाहीत, उलट आहेत. तुमच्या भावाचं खरंच मारानंतरचं हाड आहे. आणि मार झाडावरून पडल्याचा होताच, पण त्याच्यावर रोज नवा मार मालिशने बसत गेला.

त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. स्नायूला जोराचा मार लागतो, आत रक्त साकळतं, आणि तिथल्या दुरुस्तीला आलेल्या पेशी चुकून हाड बनवायला लागतात, मांसामध्ये, जिथे हाडाचं काही काम नाही. कोपर आणि मांडी या त्याच्या नेहमीच्या जागा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर काहीच दिसत नाही, नुसती दुखरी, गरम सूज असते. मग धुरकट पांढरं दिसायला लागतं, आणि दीड-दोन महिन्यांनी कडेला हाडाचं गोल कवच स्पष्ट होतं, आतला भाग अजून कच्चा. पक्कं व्हायला सहा महिने ते वर्ष. या दिवसांत तो भाग शांत ठेवायचा असतो, आपण नेमके त्याच दिवसांत तेल घेऊन बसतो. आपल्याकडे कोपराच्या दुखापतीनंतर जोरात मालिश आणि ओढाताण हे याचं फार मोठं कारण आहे, हाडांच्या डॉक्टरांना विचारा, प्रत्येकाने असे आखडलेले हात बघितलेले असतात.

मला सगळ्यात जास्त हादरवलं ते पुढच्या गोष्टीने. हे हाड कच्चं असताना कोणी घाईने त्याच्या मधोमध सुई घालून बायोप्सी केली तर मायक्रोस्कोपखाली त्या पेशी हाडाच्या कॅन्सरसारख्या, ऑस्टिओसार्कोमासारख्या दिसू शकतात. फरक ओळखायची खूण म्हणजे मायोसायटिसमध्ये पक्कं हाड कडेला असतं आणि कच्चं मध्ये, कॅन्सरमध्ये साधारण त्याच्या उलट. पण त्यासाठी पूर्ण गाठ डोळ्यांसमोर पाहिजे, आणि मार कधी लागला, किती आठवडे झाले ही माहिती बायोप्सी तपासणाऱ्याकडे पाहिजे. म्हणजे ज्या प्रश्नावर मी इतकी चिडले आहे, कुठे पडली होती का, तोच प्रश्न डॉक्टरच्या तोंडी अगदी योग्य आहे. त्यांना तारीख हवी असते. नातेवाईकांना माणूस हवा असतो.

वाचता वाचता अजून काही गाठी भेटल्या ज्यांची मारामुळे अशी ख्याती आहे. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाड वाढून नख वर उचललं जातं, सबअंग्युअल एक्झोस्टोसिस, ठेच लागून झालं असंच सगळे म्हणतात आणि नखाचाच आजार समजून महिनोन्‌महिने मलम लावत बसतात. एक असते रक्ताने भरलेल्या पोकळ्यांची गाठ, अन्युरिझमल बोन सिस्ट, ती सुद्धा बरीच वर्षं मारानंतरची समजली जायची. पण २००४ मध्ये तिच्या पेशींत यूएसपी ६ नावाच्या जनुकाची उलथापालथ सापडली, आणि नखाखालच्या गाठीतही गुणसूत्रांची ठरावीक अदलाबदल सापडलेली आहे. म्हणजे पुस्तकांनी ज्यांचा दोष ठेचेवर ठेवला होता तिथेही मुळात पेशीचंच काहीतरी बिनसलेलं होतं. हे वाचून मला का कोण जाणे खूप बरं वाटलं होतं.

माझ्या मैत्रिणीच्या भाच्याचं तर पूर्ण उलटंच. ऐरोलीला राहतात, मुलगा क्रिकेट खेळताना बॉल फेकायला गेला आणि दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलं. नुसतं बॉल फेकून! एक्स-रेत दिसलं की हाडाच्या आत पाण्याची पोकळी होती, भिंत पातळ झालेली. युनिकॅमेरल बोन सिस्ट. तिथेही घरच्यांनी आधी कोचला धारेवर धरलं, एवढा सराव का करून घेतला म्हणून. मोडल्यामुळे पोकळी झाली असं त्यांना वाटलं, होतं असं की पोकळी होती म्हणून मोडलं. या पोकळ्या मुलांमध्ये दंडाच्या वरच्या टोकाला जास्त सापडतात आणि हाड मोडेपर्यंत बहुतेक वेळा काही त्रासच देत नाहीत.

आमच्या लेकीचं ऑपरेशन केलेलं नाही. दुखत नाही, नस दबत नाही, चालायला धावायला अडचण नाही, मग कशाला हात लावायचा असं डॉक्टरांचं म्हणणं आणि मला ते पटलं. दर वर्षी दाखवायचं, गरज वाटली तर एक्स-रे. कापड घासून दुखायला लागलं, गाठीवर पाण्याची पिशवी धरली, नस किंवा रक्तवाहिनी दबली, किंवा जोराचा फटका बसून देठच मोडला, तर काढायचा विचार. काढताना कूर्चेची टोपी आणि तिच्यावरचं आवरण पूर्ण काढावं लागतं, नाहीतर ती परत वाढू शकते. अशी एकटी गाठ पुढे कॅन्सरमध्ये बदलण्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी सांगतात, आणि तेही शक्यतो मोठेपणी. उंची वाढायची थांबल्यावरही गाठ वाढत राहिली किंवा नव्याने दुखायला लागली तर मात्र थांबायचं नाही, एमआरआय करून टोपीची जाडी बघायची. दोन सेंटिमीटरच्या वर गेली तर संशय.

आणि हे मी अगदी कळकळीने सांगते, साधी गाठ असते हे वाचून कोणी घरी बसू नका. दहा ते वीस या वयात हाडाचा खरा कॅन्सरही गुडघ्याजवळच जास्त होतो, आणि तोही पुष्कळदा असाच खेळताना लागलं म्हणून सापडतो. एकूण कॅन्सरमध्ये हाडात सुरू होणारे कॅन्सर शंभरात एकापेक्षाही कमी, पण असतात. सूज उतरायच्या ऐवजी वाढत चालली, रात्री झोपेतून उठवेल असं दुखतंय, आरामातही ठणकतंय, तर लेप, शेक, मालिश सगळं बाजूला ठेवून एक साधा एक्स-रे काढा. ठाण्यात गल्लोगल्ली सेंटर आहेत, काही शे रुपयांचं काम आहे. मारामुळे असेल, जाईल, असं म्हणत महिने काढलेली घरं असतात आणि ते महिने परत येत नाहीत.

दादाला मी हे सगळं दिवाळीत सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, मधूनमधून स्वतःच्या कोपरावर हात फिरवत होता. त्याने ठाण्यात येऊन त्याच डॉक्टरांना दाखवलं पण. डॉक्टर म्हणाले हाड आता पूर्ण पक्कं आहे, काढता येईल, पण इतक्या वर्षांत सांधाही आखडलाय, हाताचं काम चाललंय, फार मिळणार नाही. दादाला ते चाललं. मी म्हटलं, दादा तुला त्या मालिशवाल्याचा राग नाही येत? तर म्हणाला, कसला राग, त्याने कधी पैसे घेतले नाहीत आपल्याकडून, नारळ ठेवायचो फक्त, त्याला जे येत होतं ते त्याने केलं. आजीचाही नाही येत. ती मला कडेवर घेऊन जायची गं, एवढा मोठा होतो तरी.

माझं तसं नाही. आजीचा राग नाही, तेव्हा जवळ दुसरं काही नव्हतंच. पण आता आहे ना. आमच्या वॉचमनचा मुलगा दहीहंडीच्या सरावात खालच्या थरातून निसटून कोपरावर पडला, आणि पथकातली मोठी पोरं त्याला सरळ मालिशवाल्याकडे घेऊन निघाली होती, रिक्षा गेटवर उभी. मी भाजीची पिशवी घेऊन येत होते, तशीच त्या रिक्षात बसले आणि एक्स-रे सेंटरला चला म्हटलं. पोरं चिडली माझ्यावर. एक म्हणाला, काकी आमचं नेहमीचं आहे, तो एका झटक्यात बसवतो. म्हटलं बसवू दे नंतर, आधी आत काय आहे ते बघू. हाडाला चीर होती. प्लास्टर लागलं. ते निघालं तेव्हा कोपर आखडलेलंच होतं, आणि त्या वेळी मुलाची आई पुन्हा तेलाची बाटली काढून बसली. डॉक्टरांनी मुलाला सांगितलं होतं की हात तू स्वतः हलवायचास, जमेल तेवढाच, बाहेरून दुसऱ्या कोणी ओढायचा नाही आणि कोपर चोळायचं तर अजिबात नाही. मी त्यांच्या खोलीत जाऊन तिला दादाचा फोटो दाखवला, भाच्याच्या लग्नातला, हात वर करून अक्षता टाकतानाचा, आणि कोपराकडे बोट दाखवलं. तिने बराच वेळ फोटो बघितला, मग विचारलं, किती वर्षांचा होता हा तेव्हा? म्हटलं, तुझ्या पोराएवढाच. तिने बाटलीचं झाकण लावलं आणि पोराला म्हणाली, चल, करून दाखव काकींना काय शिकवलंय डॉक्टरांनी ते.